भाग २३ : पहिला घोट कोण देतं? सातारा-सांगलीची दारू आणि आपली पोरं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना मधे मधे येणारं "म्हणजे", "आपलं ते हे" काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.

हा भाग करायचा की नाही यात माझे दोन महिने गेले. कारण यात इतिहास आहे, पण सुरुवात माझ्यापासून होते.

गेल्या डिसेंबरात रात्री अकराला आत्याचा फोन आला. माझा आतेभाऊ बाईकवरून पडला होता. वय २१. मी पुण्याहून तसाच गाडी काढून निघालो. पायात सळई घालावी लागणार होती, जीव वाचला होता. सकाळी एक तरुण डॉक्टर माहिती लिहून घेत होते. त्यांनी सरळ विचारलं, "दारू कधीपासून घेतोस?"

"दहावीपासून."

"पहिल्यांदा कुठं घेतलीस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दादाच्या पार्टीला."

दादा म्हणजे मी. २०१९ ला मला पहिली नोकरी लागली तेव्हा हायवेवरच्या एका ढाब्यावर मी घरच्या सगळ्या पुरुषमंडळींना पार्टी दिली होती. तो पंधरा वर्षांचा होता, थंडा पीत कोपऱ्यात बसलेला. आमच्यातले एक काका म्हणाले, "घे रं थोडी, दहावीला गेलास, आता मोठा झालास!" आणि त्याच्या ग्लासात बोटभर ओतली. सगळे हसले. मीही हसलो. बिल मी भरलं.

आता गंमत बघा. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात आणि बाकी दारूसाठी २५. म्हणजे त्या रात्री २२ वर्षांचा मी स्वतःच कायद्यानं "लहान" होतो. ढाब्यावर आम्हाला कुणी वय विचारलं नाही. वय विचारायचं असतं हेच मुळात आमच्या टेबलावर कुणाच्या डोक्यात नव्हतं.

मी पडलो इंजिनिअर. काही बिघडलं की आधी लॉग उघडायचा, कधीपासून बिघडलंय ते शोधायचं, ही सवय. खरं सांगतो, दोष टाकायला दुसरं कुणी सापडतंय का हेही बघायचं होतं. म्हणून आपल्या भागातल्या दारूचा इतिहास वाचायला घेतला.

आधी एक जिल्हा, मग दोन

सातारा आणि सांगली असं आपण जोडून म्हणतो त्याला कारण आहे. स्वातंत्र्याच्या वेळी आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये आजूबाजूची छोटी संस्थानं विलीन झाल्यावर "दक्षिण सातारा" असा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे त्याआधीची गोष्ट दोन्हीकडची एकच आहे.

आणि गोष्ट सुरू होते पैशापासून. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यासाठी इंग्रजांनी अबकारी कायदा केला. तोवर दारू गाळणं हा गावोगावचा छोटा धंदा होता. मोहाची, शिंदीची, जी ज्या भागात मिळेल ती. कायद्यानंतर दारू सरकारच्या देखरेखीखाली गाळायची, विकायचा ठेका घ्यायचा, ताडी-माडीच्या झाडांवरही कर भरायचा, असं सुरू झालं. ज्यानं जास्त पैसे मोजून ठेका घेतला त्याला तो वसूल करायचा होता. साहजिकच दुकान जितकं वस्तीच्या जवळ तितकं बरं.

हे तेव्हाच्या लोकांना दिसत होतं. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. म्हणजे अबकारी कायदा होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

इथं एक गोष्ट मनात नोंदवून ठेवा. सरकारला दारूतून उत्पन्न मिळायला लागलं की त्या धंद्यात सरकारही भागीदार होतं. ही भागीदारी पुढं कधी तुटली का? बघू.

प्रतिसरकारची दारूबंदी

१९४२ च्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. शाळेत आपण हे एका परिच्छेदात उरकतो. पण पुढची दोन-तीन वर्षं जिल्ह्यातल्या शेकडो गावांत इंग्रजांच्या कोर्टाऐवजी लोक गावच्या न्यायमंडळाकडं जात होते. लग्नं कमी खर्चात, साधेपणानं लावली जात होती. सावकार आणि गुंडांचा बंदोबस्त होत होता. आणि दारूबंदी होती. दारूचे गुत्ते बंद करणं हे प्रतिसरकारच्या कामातलं मोठं काम होतं.

शिक्षा कडक होत्या. "पत्री सरकार" हे नाव तळपायावर मारायच्या शिक्षेवरून पडलं असं सांगतात. त्या शिक्षा बरोबर होत्या असं मी म्हणत नाही.

मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. वयांनी. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी, दोघांचा जन्म १९२२ चा. म्हणजे १९४३ मध्ये शेणोलीजवळ सरकारी खजिन्याची रेल्वे लुटली गेली तेव्हा हे विशीतले होते. कुंडलच्या तुफान सेनेत गावोगावची तरणी पोरं कवायत, लाठी शिकत होती. निरोप पोचवणं, पहारा देणं, भूमिगतांना भाकरी नेऊन देणं यात तर मिसरूड न फुटलेली पोरंही होती. सांगली-साताऱ्यातल्या कितीतरी घरांत आजही पणजोबांची अशी एखादी गोष्ट सांगितली जाते.

आता विचार करा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला काय हवं असतं? थोडा धोका, आपली टोळी, आणि मोठ्या माणसांनी "हा आता आपल्यातला" म्हणून मान डोलावणं. १९४३ मध्ये वाळवा तालुक्यातल्या पोराला हे तिन्ही मिळत होतं, आणि ते मिळवायला ग्लास हातात धरायची गरज नव्हती. उलट गुत्ता बंद करायला जाणाऱ्यांत आपण असणं हीच मर्दुमकी होती. ती दारूबंदी काही काळ टिकली याचं मला हे एक मोठं कारण वाटतं. ती राखणारे लोक गावातलेच होते आणि वयानं तरुण होते.

आजाची मजुरी

१९४९ मध्ये मुंबई राज्यानं दारूबंदी कायदा केला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते. १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. हेतू चांगला होता, गांधीजींचा कार्यक्रम होता. पण या वेळी दारूबंदी मुंबईतून आली आणि ती राबवायला पोलीस आले.

मग काय झालं? हातभट्टी. आपल्याकडं कच्च्या मालाची काय कमी? सांगली म्हणजे हळदीची आणि गुळाची पेठ. चांगला गूळ बाजारात जायचा आणि खराब, काळा गूळ भट्टीला. गूळ, नवसागर आणि पाणी एकत्र करून ते रसायन आंबवायचं, भट्टीवर चढवायचं आणि वाफ थंड करून गोळा करायची. ओढ्याच्या काठाला, उसाच्या फडाच्या आडोशाला हे चालायचं. माल टायरच्या ट्यूबमध्ये भरून न्यायचा. यात काय मिसळलंय, किती कडक आहे, कुणाला माहीत नसायचं.

माझा आजा कराडजवळच्या खेड्यातला, जन्म १९४४ चा. तो असताना मी एकदा विचारलं होतं, "आजा, तू पहिल्यांदा कधी प्यायलास?" तो म्हणाला, "तेरा वर्साचा आसन." मी म्हटलं, "कुणी पाजली?" त्यावर तो रागावला. "पाजली न्हाय कुणी. मजुरी दिली." भट्टीवाल्याला काळ्या गुळाच्या ढेपा डोक्यावरून ओढ्यापर्यंत नेऊन द्यायच्या, आणि लांबून खाकी टोपी दिसली तर शीळ घालायची. त्याचे दोन आणे, आणि कधी दोन आणे नसले तर अर्धा गिल्लास.

बघा हं. पहारा देणं, निरोप देणं, पोलिसांना चकवणं. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी त्याच भागातली पोरं हेच करत होती, प्रतिसरकारसाठी. आजानं तेच केलं, भट्टीसाठी. पोरांची गरज तीच राहिली, त्यांना कामाला लावणारा बदलला.

आजा पुढं आयुष्यभर प्याला. आजीनं कसं निभावलं तो वेगळा भाग होईल.

मळी आणि परवाना

साठच्या दशकात सरकारनं दारूबंदी हळूहळू सैल केली. हातभट्टी आवरत नव्हती आणि महसूल बुडत होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारमान्य देशी दारूची दुकानं आली.

त्याच काळात कृष्णाकाठ साखरेनं बदलत होता. सांगलीत वसंतदादा पाटलांचा कारखाना, कराडजवळ रेठरे बुद्रुकला कृष्णा, मग एकेक करत बाकीचे. साखर काढल्यावर जी काळी चिकट मळी उरते तिच्यापासून अल्कोहोल बनतं. एक टन मळीतून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर. अनेक कारखान्यांना डिस्टिलऱ्या जोडल्या गेल्या. त्या अल्कोहोलचा रसायन उद्योगात वापर होतो, आता इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्येही होतो, आणि दारूतही होतो. पुढं २००१ नंतर वाईन धोरण आलं आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क झालं. मी कारखान्यांच्या विरोधात नाही. माझी बी.टेक.ची फी उसाच्या बिलातून भरली गेलीय. पण ज्या पैशानं आपली घरं वर आली त्याचा एक पाट दारूकडं जातो, हे माहीत असायला हवं.

आणि आता सगळ्यात भारी गोष्ट. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून रद्द झालेला नाही. महाराष्ट्रातलं प्रत्येक वाईन शॉप, प्रत्येक परमिट रूम आजही "दारूबंदी" नावाच्या कायद्याखाली चालते! म्हणून तर तिला परमिट रूम म्हणतात. प्यायची तर परवाना हवा. एका दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच रुपये. तुमच्यापैकी किती जणांनी तो कधी डोळ्यानं बघितलाय? त्या परवान्यामुळं विकणाऱ्याला ग्राहकाच्या वयाकडं बघावं लागलं असतं. तो कागदावरच राहिला आणि वय विचारायची सवय कधी लागलीच नाही.

बाटली आडवी

बायकांनी मात्र हे सोडलं नाही. २००८ च्या नियमानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घ्यावं लागतं, आणि गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी दुकानाविरुद्ध मत दिलं तर ते बंद होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. साताऱ्यातला जावळी तालुका या लढ्यासाठी राज्यभर गाजला. हे मतदान जिंकणं सोपं नसतं बरं का. ज्या बायका मुंबईला कामाला गेल्यात त्यांचीही नावं यादीत असतात. मतदानाला न आलेली प्रत्येक बाई हिशेबात दुकानाच्या बाजूनं धरली जाते. तरी बायकांनी ते जिंकून दाखवलं.

नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यातच "परिवर्तन" ही व्यसनमुक्ती संस्था उभी केली. आपण त्यांना अंधश्रद्धा निर्मूलनासाठी ओळखतो, पण व्यसनी माणसाला गुन्हेगार न समजता आजारी समजायचं, हे कामही त्यांच्या हयातीत आपल्या साताऱ्यात सुरू झालं.

दुसरीकडं, सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालानं हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दुकानं एप्रिल २०१७ पासून बंद झाली. नंतर सवलती मिळाल्या आणि बरीच परत उघडली. २०१९ च्या माझ्या पार्टीला तर दुकानाची गरजच पडली नव्हती. बाटल्या डिकीतून आल्या होत्या.

मग पोर का पितं?

आता थोडं विज्ञान. धोका तोलणारा, "थांब" म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. मजेचं बक्षीस मागणारा भाग त्याच्या कितीतरी आधी जोरात चालू होतो. ब्रेक बसायच्या आधी गाडी हातात, असं समजा. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढं कधीतरी दारूच्या आहारी गेले. विसाव्या वर्षी किंवा नंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. यात घरची परिस्थिती, आनुवंशिकता हेही असतं, सगळा दोष वयावर टाकता येत नाही. पण फरक चौपट आहे.

आपल्या जवळचा अभ्यास गोव्याचा आहे. उत्तर गोव्यातल्या पुरुषांचा. १९५६ ते ६० मध्ये जन्मलेल्यांपैकी साधारण २० टक्क्यांनी पौगंडावस्थेत दारू सुरू केली होती. १९८१ ते ८५ मध्ये जन्मलेल्यांत हा आकडा ७४ टक्के झाला. पंचवीस वर्षांत! पोरांचा मेंदू पंचवीस वर्षांत बदलत नाही. त्यांच्या भोवतालचं बदललं.

त्याच वेळी हेही सांगतो की "आजकालची सगळी पोरं पितात" हे खोटं आहे. २०१९ च्या एम्सच्या देशव्यापी अहवालात १० ते १७ वयाच्या मुलांपैकी १.३ टक्के मुलं दारू घेत असल्याचं आलं. म्हणजे शंभरातली जवळजवळ नव्व्याण्णव घेत नाहीत. हे पोरांना कुणी सांगत नाही. ग्लास पुढं सरकवताना "सगळेच घेतात की" असंच सांगितलं जातं.

आणि आपण हमखास म्हणतो, "संगत वाईट होती." माझ्या आतेभावाची संगत कोण होती? त्याचे काका, मामा आणि मी. आखाडाची पार्टी, जत्रेचं मटण, इलेक्शनचा ढाबा, लग्नाच्या आदल्या रात्रीचा बेत. यातल्या प्रत्येक ठिकाणी पंधरा वर्षांचं पोर असतं. भांडी उचलायला, बर्फ आणायला, सोडा आणायला. ते बघत असतं की मोठ्यांच्या गोलात बसायला काय लागतं. मग एक दिवस कुणीतरी हसत म्हणतो, आता मोठा झालास.

लॉग उघडून मी जे शोधत होतो ते हेच निघालं. इंग्रजांचा ठेका, मुंबईचा कायदा, मळी, परमिट, सगळं खरं. त्यानं दारू दारापर्यंत आणली. पण दारातून आत, त्या पोराच्या हातापर्यंत, ती घरच्याच माणसानं नेली. आजाच्या वेळी मजुरी म्हणून आणि माझ्या वेळी कौतुक म्हणून.

शेवटचं

हे सगळं मी आतेभावाला सांगितलं. त्याला विचारूनच हा भाग केलाय. तो म्हणाला, "दादा, तुझ्या पार्टीला नसती घेतली तर दुसरीकडं घेतली असती." मी म्हटलं, "असेल. पण मग डॉक्टरांना तू दुसऱ्याचं नाव सांगितलं असतंस." त्यावर आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. सध्या तो उपचार घेतोय. दोनदा घसरलाय, परत गेलाय. पुढचं मला माहीत नाही.

या वर्षी गावच्या जत्रेला आम्ही चुलत-आते-मामे भावंडांनी एवढंच ठरवलं की अठराच्या आतलं एकही पोर रात्रीच्या बेताला न्यायचं नाही. बेत बंद झाला का? नाही झाला. काकांनी टोमणे मारले, "पुण्याला जाऊन लई शिकला." पण वर्गणीचा सगळा हिशेब, क्यूआर कोडपासून पावतीपर्यंत, नववी-दहावीच्या पोरांकडं दिला. पालखीला रात्री खांदा द्यायलाही तीच पुढं होती. पहाटे दोनला एक चौदा वर्षांचा पोरगा माझ्याकडं आला आणि म्हणाला, "दादा, हिशेबात चाळीस रुपये जास्त यायल्यात. कुणाचे आसतील?" झोप नाही, डोळे लाल, आणि चाळीस रुपयांसाठी तो अर्धी यादी परत तपासून आला होता.

तुमच्या घरात किंवा तुम्हाला स्वतःला मदत हवी असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी नंबर आहेत, फोन फुकट लागतो. लाज वाटून घेऊ नका.

आणि तुमचा पहिला घोट कुणी दिला होता, तेव्हा वय काय होतं, हे आठवून बघा. मला कळवलंत तर नाव न घेता पुढं कधीतरी त्यावर बोलू. पुढच्या भागात जाऊ किर्लोस्करवाडीला, एका माळरानावर कारखाना आणि गाव कसं उभं राहिलं ते बघायला. तोवर काळजी घ्या. भेटू.